नकाशावरची अकरा वर्तुळं

आमच्या गावात रस्ता विचारणारा परका माणूस हमखास चुकतो. गाव धरणासाठी उठलं आणि वरच्या माळावर सरकारी आखणीप्रमाणे वसलं, तेव्हा माझा जन्म झाला नव्हता. नवं गावठाण म्हणजे सरळ रस्ते, काटकोनातले चौक आणि एका मापाचे प्लॉट. जमीन तव्यासारखी सपाट. तरी माय मला सांगायची, "मंदे, वरल्या आळीला जा अन् धुरपताबाईकून इरजण आन." नव्या गावात वरली आळी नव्हती, खालची नव्हती, वेशीकडची नव्हती. त्या सगळ्या पाण्याखाली होत्या. धुरपताबाईचं घर आता आमच्या मागच्या रांगेत होतं, पण जुन्या गावात ते चढावर होतं म्हणून तिच्याकडे जाणारा माणूस अजून 'वर' जात होता. आम्ही पोरं न पाहिलेल्या गावाच्या दिशांवर वाढलो. कुठल्याही ठिकाणाला दोन जागा असतात, एक दिसते ती आणि एक लोक सांगतात ती, हे मला अक्षर ओळखण्याआधी कळलं होतं. नकाशांचा नाद तिथून लागला असावा.

आमच्या घराच्या पुढच्या खोलीत आबांची पिठाची गिरणी होती. डिझेलचं इंजिन सुरू झालं की भिंतीवरचे देव हलायचे. पट्ट्याचा फटफट आवाज, जात्याच्या दगडांची घरघर आणि त्यांच्या वरताण ओरडून बोलणाऱ्या बाया, हा माझ्या बालपणाचा आवाज आहे. आजही छापखान्यात उभी राहिले की मला ज्वारीचा वास येतो. सकाळी ज्वारी, दुपारी डाळी, आणि हळदीच्या हंगामात आठवड्यातून एक दिवस हळकुंडं. त्या दिवशी माय भाकरीला बसली की भाकरी पिवळी व्हायची, ठेचा पिवळा व्हायचा, आबांच्या भुवया पिवळ्या व्हायच्या. काळ्या फरशीवर पिठाचा थर बसलेला असे. मी त्यात बोटानं रस्ते काढायची. माय स्वयंपाकघरातून सांगायची, मी काढायची: वेस, वेशीतून आत आलं की मारुती, मारुतीपासून डावीकडे चावडी. ती जुन्या गावात नवी नवरी म्हणून जेमतेम एक वर्ष राहिली होती, पण तेवढ्यात तिनं शेतावर भाकरी नेता नेता सगळं गाव पायानं मोजलं होतं. एखादी बाई दळण घेऊन यायची आणि चावडीवर पाय देऊन उभी राहायची.

त्या खोलीच्या छताला चार तुळया होत्या. तीन सागाच्या आणि एक बाभळीची, वाकडी. ती बाभळीची का, हे विचारलं की ठरलेलं उत्तर मिळे: गाव उठताना आमची एक तुळई चोरीला गेली. गावात बऱ्याच घरांत अशी एखादी वाकडी तुळई होती, आणि सगळ्या घरांत उत्तर तेच होतं. चोर कोण, तेही ठरलेलं होतं. खालच्या अंगाला बंजाऱ्यांचा तांडा होता, त्यांच्याकडे बैल होते, गाड्या होत्या. तांड्यावरची शेवंताबाई दळणाला आली की कोणी ना कोणी वर बघून म्हणायचं, "शेवंते, आमची तुळई बरी हाय ना?" ती हसायची नाही आणि रागवायचीही नाही. डबा ठेवायची, नंबर लावायची, दारापाशी बसायची.

शाळेच्या भिंतीवर परभणी जिल्ह्याचा नकाशा होता. हिंगोली वेगळा जिल्हा झाला तेव्हा नवा नकाशा येईपर्यंत गुरुजींनी खुर्चीवर चढून लाल शाईनं त्या नकाशावर रेघ ओढली. रेघ ओढताना त्यांचा हात पूर्णेच्या पात्रापाशी थांबला. ते म्हणाले, "इथून बराबर कसं हाय ते मला बी ठाऊक न्हाई." आणि त्यांनी अंदाजानं पुढे ओढली. ती रेघ बरीच वर्षं आमच्यासाठी जिल्ह्याची हद्द होती. पुढे वर्तमानपत्रात काम करताना अशा कितीतरी रेघा मी छापल्या.

जुन्या गावाचा खरा नकाशा मला मिळाला तो आखाडा बाळापूरच्या बाजारात. गफूरचाचा मूळचे आमच्याच गावचे, शिवणकाम करायचे. गाव उठल्यावर ते बाळापूरला गेले. त्यांच्या मशीनवर एक जाड, मळकट कापड टाकलेलं असे. एकदा ब्लाउज आणायला गेले तेव्हा ते कापड उलटं पडलं होतं आणि त्यावर बारीक काळ्या रेघा होत्या. निजामाच्या काळातला गावनकाशा होता तो, कापडावर चिकटवलेला, उर्दू अक्षरांचा. पटवाऱ्याचं दप्तर हलताना रद्दीत निघाला, आणि कापड मजबूत म्हणून चाचांनी ठेवून घेतला होता. मी तिथेच बसले. चाचांनी चष्मा लावला आणि एकेक नाव वाचलं. गावठाणात लहान लहान वर्तुळं होती, प्रत्येकाशेजारी एकच शब्द.

"हे काय, चाचा?"

"चाह."

"चहा?"

"चहा पाज म्हनलं तर पाजतो पोरी. पर हे चाह. म्हंजे हीर."

वर्तुळं अकरा होती. मी दहावी पास झाले तेव्हा चाचांनी तो नकाशा मला देऊन टाकला आणि मशीनवर प्लास्टिक टाकलं.

माझं कॉलेजचं दुसरं वर्ष होतं त्या उन्हाळ्यात धरण आटलं. दरवर्षी पाणी थोडं खाली जायचं, काठावर गाळाचा पट्टा उघडा पडायचा आणि लोक तिथं टरबूज लावायचे. त्या वर्षी पाणी मागे सरकलं ते थांबलंच नाही. आधी मारुतीचा चौथरा दिसला. मग वेशीचे दोन दगड. मग घरांची जोती एकामागून एक वर आली, भेगाळलेल्या राखी गाळात, दात निघावेत तशी. मातीच्या भिंती कधीच विरघळल्या होत्या. लोक संध्याकाळी खाली उतरून आपापलं जोतं शोधायचे. म्हातारी माणसं चपला काढून उंबऱ्याच्या जागेवर उभी राहायची. वास मात्र गावाचा नव्हता. शेवाळ वाळल्याचा, मेलेल्या शिंपल्यांचा वास होता, आणि तिथं पाखरू बसत नव्हतं. आबा एकदाही खाली गेले नाहीत. गिरणी सोडून कसं जाऊ, म्हणायचे.

नामाकाका मात्र रोज जायचा. नामदेव, आबांचा धाकटा भाऊ. गाव उठलं तेव्हा तो पहिलीत होता. त्याला जुन्या गावातलं फार आठवत नव्हतं, म्हणून त्याला त्याचं वेड जास्त होतं. घरचा ट्रॅक्टर तोच चालवायचा, गावातली लग्नं, वर्गण्या, मिरवणुका त्याच्याच डोक्यावर असायच्या. मारुतीचा भंडारा या वर्षी जुन्या गावात करायचा, ही कल्पना त्याची. आणि तिच्यातली पुढची कल्पनाही त्याचीच: रांगेनं पंगत बसवायची नाही. ज्यानं त्यानं आपल्या जुन्या अंगणात बसायचं, वाढपी घरोघर फिरतील. बैठकीत त्यानं हे सांगितलं तेव्हा दोन म्हातारे रडले. आमचं अंगण मोठं, म्हणून चुली आमच्या अंगणात मांडायचं ठरलं.

"पर कोनाचं आंगन कुठं, हे कोन सांगनार?" सरपंच म्हणाले.

"आमची मंदी हाय की," काका म्हणाला. "तिच्याजवळ निजामाचा कागद हाय."

काकानं आणि मी चार सकाळी खाली जाऊन आखणी केली. मारुतीचा चौथरा आणि वेशीचे दगड ही दोन पक्की ठिकाणं धरून मी दोरीनं अंतरं घ्यायची, काका मागून फक्की टाकत यायचा. काळपट गाळावर पांढऱ्या रेघांनी गाव उठून दिसायला लागलं. नकाशातली प्रत्येक गोष्ट जमिनीवर बरोबर पडत होती, आणि त्याचा आनंद काय असतो हे ज्याला माहीत आहे त्याला सांगायला नको. विहिरी तेवढ्या कुठे दिसत नव्हत्या. त्या जागी सपाट गाळ होता.

"बुजवल्या समद्या," काका म्हणाला. "सरकारचा तसा हुकूमच होता. बुजवल्याबिगर पैसे न्हवते." त्यानं आमच्या अंगणातल्या वर्तुळाच्या जागेवर टाच आपटली. "इथं माझी बादली पडली होती हिरीत. लई रडलो होतो. तर बाबा म्हनला, बादली बी बुजली अन् हीर बी बुजली, आता गप."

आमची विहीर घरची होती, पायऱ्यांची. तिच्या काठाशी सात दगडांना शेंदूर लावलेला असे, पाण्यातल्या सात आसरांचा. ज्या घरात जिवंत विहीर आहे त्या घरात आसरा राखणीला असतात, ही आमच्याकडची समजूत. नव्या नवरीनं पहिली ओटी देवळात नाही, विहिरीवर भरायची. आणि जिवंत झरा कोणी मातीनं कोंडला तर त्या घरात लेकरू जगत नाही, हे कोणाला सांगावं लागत नव्हतं. मी हे सगळं ऐकलेलं होतं. हुकूम निघाला आणि विहिरी बुजल्या, हेही ऐकलेलं होतं. या दोन गोष्टी मी शेजारी शेजारी ठेवल्या नव्हत्या. गावात कोणीच ठेवल्या नव्हत्या.

भंडाऱ्याच्या आदल्या दिवशी गिरणी सकाळपासून सुरू होती. पोत्यांनी गहू आला होता. पोळ्या, वरण, वांग्याची भाजी आणि बुंदी असा बेत होता. दळण न्यायला आलेल्या बाया भिंतीला टेकून बसल्या होत्या, इंजिनाच्या आवाजात एकमेकींच्या सुनांच्या उखाळ्यापाखाळ्या काढत. काका चुलीची भांडी, कढया आणि पाण्याची टाकी ट्रॉलीत भरून ट्रॅक्टर घेऊन खाली गेला होता. सोबतची माणसं त्यानं लाकडं आणायला पाठवली होती. मी फरशीवरच्या पिठात गाव काढून बायांना त्यांची अंगणं दाखवत होते.

"धुरपताबाई, हे तुमचं. ही तुमची हीर होती, तिथली जागा सपाट हाय. तिथं पंगत."

धुरपताबाई पिठातल्या त्या वर्तुळाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तिथं नगं."

"काहून?"

"नगं म्हनलं ना. दुसरीकडं बसव आमाला."

"धुरपताबाई, ती बुजवली ना पर."

तिनं पदर तोंडाला लावला. आजूबाजूला बघितलं, पण इंजिन इतकं जोरात होतं की तिला ओरडूनच सांगावं लागलं, आणि म्हणून ते सगळ्यांना ऐकू गेलं. "बुजवली न्हाई. झाकली. सासऱ्यानं घराच्या तुळया टाकल्या आडव्या, वर पऱ्हाटी, वर माती. आसराला कोंडायचं कसं? माझी सुली पोटात होती तवा. साहेब आला, त्यानं वरून बघितलं, लिवून नेलं. म्हनलं, आपलं एकट्याचं हाय, कोनाला काय तकलीफ हाय? आता तिथं पानीच येनार."

मग कौसाबाईनं आपला डबा एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतला. "आमची बी झाकलेली हाय," ती म्हणाली. "मला वाटलं आमीच."

"तुमची बी?"

"व्हय. दोन तुळया अन् दाराची चौकट."

त्यानंतर त्या एकामागून एक बोलल्या. कोणाच्या सासऱ्यानं, कोणाच्या दिरानं, रात्रीतून, शेजाऱ्याला कळू न देता. प्रत्येक घराला वाटत होतं की बाकीच्यांनी हुकूम पाळला आणि आपण तेवढं सरकारला फसवलं. मी पिठातल्या वर्तुळांवर एकेक खडा ठेवत गेले. एकही वर्तुळ मोकळं राहिलं नाही. दारापाशी बसलेली शेवंताबाई छताकडे बघत होती, आमच्या बाभळीच्या तुळईकडे.

"मंग आमी चोर न्हाई म्हनायचं," ती म्हणाली.

त्याच वेळी इंजिन बंद पडलं. पडलं नाही, आबांनी बंद केलं होतं. जात्यात गहू अर्धवट असताना आबांनी गिरणी थांबवल्याचं मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. ते बायांपाशी आले. भुवयांवर पीठ होतं, डोळे लाल होते.

"नाम्यानं ट्रॅक्टर कुठं लावलाय?" त्यांनी मला विचारलं.

मी पिठात बोट ठेवलं. आमच्या अंगणात, जिथं खडा होता तिथं.

आम्ही गेलो ते धावत नाही, पण पावलं झपाझप पडत होती. सरपंचांनी आपला ट्रॅक्टर काढला, दोघातिघांनी दोर आणि साखळी घेतली, आबांनी अंगणातली बाज उचलून डोक्यावर घेतली. बाज कशाला, हे कोणी विचारलं नाही. उन्हानं गाळ पांढरा दिसत होता. सरपंचांचा ट्रॅक्टर वेशीबाहेर थांबवला आणि पुढं पायी गेलो. फक्कीच्या रेघांमध्ये आमचं अंगण स्वच्छ आखलेलं होतं, आणि त्याच्या मधोमध ट्रॅक्टर, ट्रॉली, ट्रॉलीत भांडी, काठोकाठ भरलेली टाकी. ट्रॉलीच्या खाली, सावलीत, नामाकाका तोंडावर रुमाल टाकून झोपला होता.

मला ओरडायचं होतं. आबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि तो तसाच दाबून धरला. ते रेघेच्या बाहेर खाली बसले आणि घरात हाक मारावी तशी हाक मारली.

"नाम्या."

काकानं रुमाल काढला. "काय दादा? गिरणी बंद करून आलास? आज सूर्य कुठून उगवला?"

"उठू नको. तुझ्या उशाला साप हाय."

काका जागच्या जागी थिजला. "कुठं?"

"चाकापाशी. मोठा हाय. तू निसता माझ्याकडं बघ, अन् सरपटत ये. हातानं, गुडघ्यानं. पाय आपटू नको."

काका आला. सबंध अंगण तो पोटावर घासत आला, आबांच्या डोळ्यांत बघत, आणि आबा त्याच्याशी बोलत राहिले: असंच, हळू, घाई न्हाई, असंच. तो रेघेबाहेर आला तेव्हा आबांनी त्याच्या सदऱ्याची कॉलर मुठीत धरली आणि सोडली नाही.

"कुठं गेला साप?" काका मागे वळून म्हणाला.

"साप न्हाई. हीर हाय."

"कोनती?"

"आपली."

"ती तर बुजवली."

"झाकली. मीच होतो बाबासंगं. माझ्या हातानं तुळई टाकली."

काकानं ट्रॅक्टरकडे बघितलं. मग एकदम उठून निघाला, म्हणाला, चालू करून दोन मिनिटांत काढतो. त्याला तिघांनी धरलं. इंजिनाच्या धक्क्यानं काय होईल, हे सगळ्यांना एकाच वेळी कळलेलं होतं. कोणी म्हणालं, राहू द्या, लोखंड हाय, जाऊ द्या. काका म्हणाला, "जाऊ कसं द्यायचं? घरातलं एक मानूस हाय ते."

साखळी लावायला जायचं कोणी, यावर बोलणं झालंच नाही. आबांनी सदरा काढला, दोर कमरेला बांधला आणि बाज उलटी करून अंगणात सरकवली, म्हणजे वजन पसरेल. दोराचं दुसरं टोक सरपंचांनी घेतलं होतं. काकानं ते त्यांच्या हातून काढून स्वतःच्या हाताला गुंडाळलं. मग आबा बाजेवर पालथे झाले आणि पायांनी रेटत, बाजेसकट सरकत, चाकांपर्यंत गेले. साखळीचा खणखणाट होत होता. त्या एका आवाजाखेरीज तिथं काही नव्हतं. मी जमिनीकडे बघत होते, कारण आबांकडे बघवत नव्हतं, आणि म्हणून ती भेग पहिल्यांदा मला दिसली. गाळाला सगळीकडे वेड्यावाकड्या भेगा होत्या. ही वाकडी नव्हती. ही गोल होती. मी ज्या वर्तुळाकडे चार वर्षं कापडावर बघत आले होते ते जमिनीवर उमटत होतं, हळूहळू, फक्कीच्या रेघेला न जुमानता, आणि आबा त्याच्या आत होते.

"आबा," मी म्हणाले. "फिरा."

त्यांनी साखळी अडकवली, ओढून पाहिली, आणि फिरले. काका दोर ओढत होता, ओढताना मोजल्यासारखं काहीतरी पुटपुटत होता. आबा रेघेबाहेर येताच, तोवर गल्लीतल्या पक्क्या जमिनीवर आणलेला सरपंचांचा ट्रॅक्टर दुरून ओढायला लागला. आमचा ट्रॅक्टर हलला, पुढं आला, पुढची चाकं पक्क्या जमिनीला लागली. तेवढ्यात ट्रॉलीचं मागचं चाक खाली बसलं. ट्रॉलीच्या जोडाचा खिळा तुटल्याचा आवाज आला, ट्रॅक्टर उसळून बाहेर आला, आणि अंगणाचा मधला भाग ताटासारखा एका बाजूला कलला. ट्रॉली गेली. माती पडल्याचा आवाज लगेच थांबला. कढया मात्र आत बराच वेळ वाजत राहिल्या, एकावर एक, जणू कोणी खाली भांडी घासत आहे. मग वर थंड हवा आली. भर उन्हात ती माझ्या पायांना लागली. तिला ओल्या लाकडाचा वास होता.

त्या दिवशी काकानं आबांना एकच प्रश्न विचारला, घरी आल्यावर, हात धुताना. "बाबा जाऊन इतकी वर्सं झाली. तू मला काहून सांगितलं न्हाई, दादा?"

आबांनी तांब्या खाली ठेवला. "इसरलो न्हवतो," ते म्हणाले. "सांगून सांगून आमालाच वाटाया लागलं, बुजवली म्हनून."

भंडारा दोन दिवसांनी नव्या गावात, शाळेच्या मैदानात झाला. भांडी बाळापूरहून आणली. पंगत रांगेनं बसली, आणि बसण्याआधी म्हाताऱ्या माणसांनी जमिनीवर टाच आपटून पाहिली. तांड्याला आमंत्रण गेलं होतं. शेवंताबाई आली, जेवली, आणि पुढे दळणाला आली तेव्हा कोणी छताकडे बघितलं नाही. कोणी माफी मागितल्याचं मात्र मला आठवत नाही. आबा आणि काका एकमेकांशी पूर्वीसारखेच बोलत राहिले. फक्त काका त्यानंतर कुठेही पाऊल टाकण्याआधी टाच आपटू लागला. हिंगोलीच्या डांबरी रस्त्यावरही आपटायचा. लोक हसायचे, तोही हसायचा आणि आपटायचा.

उरलेल्या दहा ठिकाणी आम्ही बाभळीच्या काट्या रोवल्या. पावसाळ्यात पाणी चढलं आणि सगळं झाकलं. पुष्कळ वर्षांनी एका अभियंत्याला मी हे सांगितलं, तेव्हा तो म्हणाला की सागाचं लाकूड पाण्याखाली शतकभर टिकतं, कुजत नाही. कुजतं ते हवा लागल्यावर. म्हणजे जोवर धरण भरलेलं आहे तोवर त्या तुळया शाबूत. प्रत्येक दुष्काळ त्यांना थोडं थोडं खातो, आणि माणसं तिथं उतरतात ती दुष्काळातच.

मी हिंगोलीला वर्तमानपत्रात लागले. डेपोजवळच्या सायबर कॅफेत उपग्रहाचं चित्र पहिल्यांदा बघितलं ते आमच्या धरणाचं. ते एकेका चौकोनानं पडद्यावर उतरत होतं आणि कॅफेवाला मागून म्हणत होता, मॅडम, टाइम हो गया. निळं पाणी होतं, बाकी काही नाही. पुढे जुन्या वर्षांची चित्रंही बघता येऊ लागली. कोरड्या वर्षाचं चित्र उघडायचं, त्यावर निजामाचा नकाशा मनानं ठेवायचा, हा माझा आजवर चालू असलेला नाद आहे. आमच्या अंगणात काळा ठिपका आहे. पुढच्या कोरड्या वर्षी चावडीमागे दुसरा. मग धुरपताबाईच्या अंगणात. आता सात आहेत. चार ठिकाणी जमीन अजून सपाट दिसते.

काका दर उन्हाळ्यात त्या चार ठिकाणी काट्या रोवून येतो. पण हल्ली गाळात टरबूज लावायला येतात ती माणसं आमच्याकडची नाहीत. लांबून येतात, तीन महिने राहतात, माल भरून जातात. त्यांच्या लेखी ती चांगली काळी जमीन आहे, आणि वाळलेली बाभूळ म्हणजे चुलीचं सरपण.

परवा फोनवर नवं चित्र दिसलं. कौसाबाईच्या अंगणावर टरबुजाचे हिरवे वाफे होते, व्यवस्थित, काटकोनात. मधोमध, जिथं माझ्या नकाशात त्या चारांतलं एक वर्तुळ आहे, तिथं एक लहान चौकोनी सावली. राखणीची झोपडी. शेजारी दोरीवर कपडे वाळत घातल्यासारखं काहीतरी. मी काकाला फोन लावला आणि कुठं, काय, ते सांगितलं.

"मंदे," तो म्हणाला, "आता तिथं पानी हाय. धरन भरलं औंदा."

मी चित्राच्या कोपऱ्यातली तारीख तेव्हा बघितली. ती उन्हाळ्यातली होती.

"ती मानसं नीट गेली होती ना, काका? पानी यायच्या आधी?"

"गेली असतील," काका म्हणाला. थोड्या वेळानं त्यानं पुन्हा म्हटलं, "गेली असतील." फोनमध्ये मला त्याची टाच ऐकू आली.